पशुवैद्यांना विचारा : वजनाच्या भागाकारात न बसणारी औषधं

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक भागाकार दडलेला आहे. माणूस ६० किलोचा, प्राणी ४ किलोचा, म्हणजे गोळीचा १५ वा भाग दिला की झालं. हिशेब दिसायला चोख आहे, आणि याच हिशेबाने प्राणी दगावताना मी पाहिले आहेत. औषध किती द्यायचं हे वजनावर ठरतं खरं, पण त्याआधी एक प्रश्न असतो : हे शरीर त्या औषधाचं काय करतं? त्याचं उत्तर मांजरात एक, कुत्र्यात दुसरं आणि गाईत तिसरंच निघतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. कृपया पुरती वाचा.

प्रश्न : डॉक्टर, माझं मांजर ४ किलोचं आहे. कालपासून ते कोपऱ्यात बसून आहे, खात नाही, कान आणि पोट हाताला गरम लागतं. घरात पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची पट्टी आहे. पाव गोळी पाण्यात विरघळवून दिली तर चालेल का? हे औषध तान्ह्या बाळांनाही देतातच की.

उत्तर : देऊ नका. पाव गोळी नको, तिचा तुकडा नको, बाळांचं सिरपही नको. मांजरासाठी पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस नाहीच.

पाव गोळी म्हणजे १२५ मिलिग्रॅम. ४ किलोच्या मांजराला ते किलोमागे ३१ मिलिग्रॅम पडतं. मांजरांमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपासही विषबाधा झालेली आहे. ६० किलोचा माणूस अख्खी गोळी घेतो तेव्हा त्याच्या वाट्याला किलोमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम येतं. म्हणजे तुमची ‘पाव’ गोळी माणसाच्या अख्ख्या गोळीच्या जवळजवळ चौपट झाली. आणि ही फक्त वजनाची बाजू झाली. खरी अडचण यकृतात आहे.

माणसाच्या यकृतात पॅरासिटामॉलला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड लावली जाते. ती लागली की औषध पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. ही जोड लावणारं विकर (एन्झाइम) ज्या जनुकामुळे बनतं, ते मांजरकुळात फार पूर्वीच निकामी झालेलं आहे. वाघसिंहांचीही तीच गत. हा सरळ रस्ता बंद, म्हणून औषध दुसऱ्या वाटेने जातं आणि त्या वाटेवर एक विषारी पदार्थ तयार होतो. त्याला निकामी करायला ग्लुटाथायोन नावाचं शरीरातलंच एक रक्षक द्रव्य लागतं, आणि त्याचा साठा थोड्या वेळात संपतो. मग ते विष तांबड्या पेशींवर उलटतं. मांजराचं हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा कितीतरी लवकर बिघडतं, आणि बिघडलेलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही.

डोळ्यांना काय दिसतं ते सांगते, कारण कुणी आधीच गोळी देऊन बसलं असेल तर ते ओळखता यायला हवं. ओठ उचलून हिरड्या पाहा. निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. विष चढलं की काही तासांतच त्या फिकट, मग निळसर, मग मातकट तपकिरी होतात. चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास भराभर चालतो, लाळ गळते, लघवी गडद होते. रक्ताचा नमुना काढला तर सुईतून चॉकलेटी रक्त येतं. एकदा पाहिलेला तो रंग विसरत नाही. यावर उतारा आहे : एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. त्यातून ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरता येतो. पण तो वेळेत मिळाला तरच उपयोग. लक्षणं दिसायची वाट न पाहता निघा, घरी उलटी करवण्याच्या फंदात पडू नका आणि गोळीची पट्टी सोबत घ्या. किती मिलिग्रॅम, किती वाजता, एवढं कळलं तरी माझं निम्मं काम होतं.

अ‍ॅस्पिरिनचंही असंच. त्याचं अर्धं प्रमाण शरीराबाहेर जायला गाईला सुमारे अर्धा तास लागतो, कुत्र्याला आठ-साडेआठ तास आणि मांजराला सुमारे ३८ तास. रोज एक डोस दिला तर मांजराच्या अंगात पहिला डोस असतानाच दुसरा येऊन पडतो. आयबुप्रोफेन तर मांजराला नाहीच, कुत्र्यालाही नाही : पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

आता तुमच्या मांजराविषयी. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे निरोगी मांजरही आपल्या हाताला गरमच लागतं. ताप आहे की नाही हे थर्मामीटरनेच कळेल. काळजीची गोष्ट आहे ती त्याचं न खाणं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते अंगाने भरलेलं असलं, तर यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं. आजच दाखवा. ताप आणि वेदनेवर मांजरासाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधं आहेत, पण तीही मूत्रपिंडांची अवस्था पाहून, मोजक्या थेंबांत.

प्रश्न : आमच्या २५ किलोच्या कुत्रीला थायरॉईड कमी असल्याचं निदान झालं. लेव्होथायरॉक्सिन ५०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा लिहून दिलंय. मला स्वतःला हेच औषध आहे, रोज १०० मायक्रोग्रॅम. औषधाच्या दुकानातल्या गृहस्थांनी चिठ्ठी पाहून ‘शून्य जास्त पडलंय’ असं सांगितलं आणि गोळ्या दिल्याच नाहीत. डॉक्टरांची खरंच चूक झाली का?

उत्तर : चूक नाही, शून्यही जास्त नाही. दुकानदारांनी शंका घेतली त्याबद्दल मात्र त्यांना दोष देऊ नका. माणसाच्या चिठ्ठीवर हा आकडा दिसला असता तर थांबणंच योग्य होतं.

कुत्र्यात हे औषध किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, दर १२ तासांनी, असं सुरू करतात. २५ गुणिले २० म्हणजे ५००. माणसाचा पूर्ण डोस किलोमागे दिवसाला १.६ मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोच्या हिशेबाने तुमच्या कुत्रीला तुमच्या पंचवीसपट औषध जातंय, आणि तिला तेवढंच लागतं.

याची कारणं दोन. माणसाच्या आतड्यातून या गोळीचा बराच मोठा भाग रक्तात जातो, कुत्र्याच्या आतड्यातून त्यामानाने फारच थोडा. दुसरं कारण अधिक मोठं. आपल्या रक्तात गेलेलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला जवळजवळ आठवडा लागतो, कुत्र्यात १० ते १६ तास पुरतात. म्हणूनच तुमची गोळी दिवसातून एकदा आणि तिची दोनदा. तुमची एखादी गोळी चुकली तर फरक जाणवणार नाही, तिची चुकवू नका.

वेळ सांभाळा. अन्नासोबत गोळी कमी शोषली जाते, तेव्हा रोज उपाशीपोटी किंवा रोज जेवणासोबत, जे ठरेल ते एकच ठेवा. चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासतात, तेही गोळी दिल्यानंतर चार ते सहा तासांनी. नमुना भलत्या वेळी घेतला तर आकड्याला अर्थ राहत नाही. सुस्ती आधी जाते, ती आपण होऊन फिरायला निघू लागेल. शेपटीवरचे आणि कुशीवरचे केस यायला काही महिने जातात, तेव्हा धीर धरा.

एक महत्त्वाचं : तुमची पट्टी आणि तिची पट्टी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. सकाळी झोपेत हाताला लागलेली ५०० ची एक गोळी म्हणजे तुमचा पाच दिवसांचा डोस.

प्रश्न : डॉक्टरताई, मी नववीत आहे. माझ्या सशाला शिंका येतात आणि नाकातून पांढरं पाणी येतं. माझ्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय. आई म्हणाली, आधी ताईंना विचार.

उत्तर : तुझ्या आईने तुझ्या सशाचा जीव वाचवला, असंच मी म्हणेन. ते सिरप त्याला एक थेंबही देऊ नकोस.

सशाच्या पोटात अंधांत्र नावाची एक मोठी पिशवी असते, त्याच्या आतड्यांचा सगळ्यात प्रशस्त भाग. गवतातला चिवट भाग तिथले उपयोगी जीवाणू पचवतात. अमॉक्सिसिलिन तोंडातून गेलं की ते जीवाणू मरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत क्लोस्ट्रिडियम जातीचे घातक जीवाणू फोफावतात. त्यांचं विष रक्तात उतरतं. जुलाब सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत ससा जातो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत काढता येत नाही. अँपिसिलिन आणि क्लिंडामायसिन तोंडातून देणंही तितकंच वाईट. गिनीपिग आणि हॅमस्टरलाही हाच धोका. गंमत म्हणजे पेनिसिलिन सुईने दिलं तर ससा ते सहन करतो, कारण मग औषधाचा मोठा मारा थेट आतड्यावर होत नाही.

सशाच्या शिंकांना चालणारी वेगळी प्रतिजैविकं आहेत, एन्रोफ्लॉक्सॅसिन त्यातलंच एक. पण आधी दात तपासावे लागतील. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि वरच्या दातांची मुळं वाढून नाकाच्या वाटेत घुसली तरी असंच पाणी येतं. तोवर गवत भरपूर दे. त्याने १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर रात्र असली तरी आईला उठव आणि डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : आमची गाय तिसऱ्या वेताला व्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठेना, मान कुशीकडे वळवून बसली, कान गार पडले. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली, पण इतकी हळू की जीव टांगणीला लागला. बाटली संपेपर्यंत ते छातीला स्टेथोस्कोप लावून बसले होते. तासाभरात गाय उभी राहिली! अशी बाटली घरात आणून ठेवली तर पुढच्या वेळी आम्हीच लावू शकू का? आणि कॅल्शियम एवढं कमी होतं कसं, आम्ही तर व्यायच्या आधीपासून मिनरल मिक्श्चर चारत होतो.

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी जी चाल धरली, तीच बरोबर होती.

या दुखण्याला दुग्धज्वर म्हणतात. आधी कॅल्शियम कमी होतं कसं ते पाहू. मोठ्या गाईच्या रक्तद्रवात कुठल्याही क्षणी फिरत असलेलं कॅल्शियम सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आसपास असतं. चिकाच्या एका लिटरमध्ये साधारण २.३ ग्रॅम. १० लिटर चीक निघाला तर एकाच धारेत २३ ग्रॅम गेलं, म्हणजे रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. ही तूट हाडांतून आणि आतड्यातून भरून काढायचा हुकूम पॅराथायरॉईड ग्रंथी देते. व्यायच्या आधीच्या आठवड्यांत चाऱ्यातूनच कॅल्शियमची रेलचेल असेल तर त्या ग्रंथीला काही कामच उरत नाही, हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा मंदावते, आणि व्यायल्याबरोबर एकदम गरज पडते तेव्हा ती जागी व्हायला दोन-तीन दिवस घेते. तेवढ्या दिवसांत गाय बसते. म्हणजे भाकड काळाच्या शेवटी भरपूर कॅल्शियम चारून तुम्ही तिला मदत करत नव्हता. ते वाढवायचं व्यायल्यावर. गाभण गाईचं मिश्रण आणि दुभत्या गाईचं मिश्रण वेगळं असतं. तुमच्या पिशवीवर काय लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवा. वेतागणिक हा धोका वाढतो, कारण वय झालं की हाडं कॅल्शियम लवकर सोडत नाहीत.

आता बाटली. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, म्हणून ते कमी झालं की पाय, आतडी, पोट सगळं ढिलं पडतं. हृदयही स्नायूच आहे. बाटलीतलं कॅल्शियम शिरेतून थेट हृदयात पोहोचतं. ते एकदम जास्त आलं तर ठोके आधी मंदावतात, मग अडखळतात, मग हृदय आकसलेल्या अवस्थेतच थांबतं. तुमचे डॉक्टर छातीला कान लावून हेच ऐकत होते. ठोका चुकला की बाटली खाली घ्यायची, नळी दाबायची, ताल परत बसला की पुन्हा सोडायची. म्हणून पाऊण-एक तासाचं काम वाटलं तरी चालेल, घाई चालत नाही. बाटली अंगाइतकी कोमट केलेली हवी. सुई शिरेतून निसटली आणि द्रव आजूबाजूच्या मांसात गेला तर तिथे गळू होतं, शीर कायमची निकामी होऊ शकते.

औषध लागू पडतंय हे डोळ्यांनी दिसतं. आधी कुशीचे आणि मांड्यांचे स्नायू थरथरतात. मग ढेकर येतो. कोरड्या पडलेल्या नाकपुडीवर घामाचे बारीक थेंब फुटतात. गाय शेण टाकते, मान सरळ करते आणि पुढचे पाय चाचपू लागते. एवढ्या वर्षांनंतरही नाकपुडीवरचा तो ओलावा दिसला की मला हायसं वाटतं.

तेव्हा शिरेतून स्वतः देऊ नका. तुम्ही जे करू शकता ते कमी मोलाचं नाही. डॉक्टर येईपर्यंत गाईला कुशीवर आडवी पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा, गवताच्या पेंढ्या टेकवून आधार द्या, नाहीतर पोट फुगून श्वास कोंडतो. दर दोन-तीन तासांनी तिची बाजू बदला, एकाच पायावर भार राहिला तर तो पाय मरतो. आणि बसलेल्या गाईला तोंडाने काही पाजू नका. गिळण्याचे स्नायूही ढिले असतात, पाजलेलं फुप्फुसात जातं आणि दुग्धज्वरातून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. उभी राहिली, चांगली गिळते आहे, असं पाहूनच तोंडाने द्यायचं कॅल्शियम चालू करा. पहिला दीड-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. बऱ्याच गाई पुन्हा बसतात, तेव्हा दोन दिवस लक्ष ठेवा.

प्रश्न : गाईच्या सडात प्रतिजैविकाच्या ट्यूब सोडल्या. दगडी (कासेची सूज) उतरली, गाठी गेल्या, दूध पांढरंस्वच्छ आलं. तरी डॉक्टर म्हणतात अजून विकू नका. उकळून वापरलं तर?

उत्तर : नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं उकळण्याने पुरती नष्ट होत नाहीत. ज्यांना त्यांची अ‍ॅलर्जी आहे अशा माणसाला थोडा अंशही भोवतो. अशा दुधाला विरजण लागत नाही, कारण विरजणातले जीवाणूही जीवाणूच. दूध पांढरं दिसणं हे सूज उतरल्याचं लक्षण झालं, औषध संपल्याचं नाही.

ट्यूबच्या वेष्टनावर दूध वर्ज्य करण्याचा काळ छापलेला असतो. तो शेवटच्या ट्यूबपासून मोजायचा, आणि चारही सडांच्या दुधाला लावायचा : एका सडातलं औषध रक्तात जाऊन इतर सडांतही उतरतं. डॉक्टरांनी डोस वाढवला असेल तर छापलेला काळ पुरत नाही, त्यांनाच विचारा. हे दूध वासरालाही पाजू नका. त्याच्या आतड्यात प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू त्यातूनच माजतात.

प्रश्न : म्हाताऱ्या बैलाचे सांधे दुखतात. पूर्वी डायक्लोफिनॅकच्या एका सुईने तो चालू लागायचा. आता डॉक्टर ते द्यायला साफ नकार देतात. माणसांना तर अजून मिळतं.

उत्तर : बैलाला ते सोसतं, गिधाडाला सोसत नाही. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर थोड्याच दिवसांत मेलं तर त्याच्या मांसात औषध उरतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल रक्तात साचतं आणि यकृतावर, हृदयावर पांढऱ्या खडूसारखा थर धरतं. काही दिवसांत पक्षी मरतो. दक्षिण आशियातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली, आणि त्याचं कारण २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून पक्कं झालं. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही बंदी आली. असिक्लोफिनॅकचं गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं.

माणसांची कुपी आणून टोचणं हा कायदा मोडणं तर आहेच, पण मला त्याहून जास्त लागते ती त्या पक्ष्यांची गोष्ट. तुमच्या बैलाला मेलॉक्सिकॅम चालेल. वेदना आणि सूज त्यानेही उतरते, आणि ते गिधाडांना निर्धोक असल्याचं तपासून पाहिलेलं आहे.

प्रश्न : आमच्या २० किलोच्या कुत्र्याला खरूज झाली आहे. तो कोली जातीच्या आईचा संकर आहे. मित्राकडे घोड्यांची आयव्हरमेक्टिनची पेस्ट आहे, वाटाण्याएवढी चारायला सांगतो. त्याच्या कुत्र्याला काही झालं नाही म्हणे.

उत्तर : तुमच्या कुत्र्याला होऊ शकतं, आणि ते फार वाईट असेल.

हे औषध मला अतिशय प्रिय आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडं. जपानमधल्या कावाना इथल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जीवाणू वेगळा केला, अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातला कृमिनाशक गुण शोधला. १९८१ मध्ये ते आधी जनावरांसाठीच बाजारात आलं, मागाहून नदी-अंधत्वाने (कृमींमुळे दृष्टी जाणाऱ्या रोगाने) ग्रासलेल्या माणसांपर्यंत पोहोचलं, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कृमींच्या आणि किडींच्या मज्जातंतूंत क्लोराइडची काही दारं असतात. ती हे औषध उघडी ठेवतं, त्यामुळे कृमी लुळा पडून मरतो. सस्तन प्राण्यांत तशा प्रकारची दारं मेंदूत असतात, आणि मेंदूच्या उंबरठ्यावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन राखणदार म्हणून उभं असतं. आत शिरू पाहणारं औषध ते परत बाहेर लोटतं.

अनेक कोली कुत्र्यांत, त्यांच्या संकरांत आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डसारख्या नात्यातल्या जातींत या प्रथिनाच्या जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात. २००१ मध्ये हे उलगडलं. राखणदार नाही, मग औषध सरळ मेंदूत. बाहुल्या विस्फारतात, चाल झोकांडते, लाळ गळते, दिसेनासं होतं, कुत्रा बेशुद्ध पडतो. खास उतारा नाही. कित्येक दिवस, कधी आठवडे, त्याला सलाईनवर आणि कृत्रिम श्वासावर जगवावं लागतं.

मात्रेचा आकडा पाहा. हृदयातल्या कृमींपासून बचावासाठी कुत्र्याला महिन्यातून एकदा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम देतात. तुमच्या कुत्र्याला ते ०.१२ मिलिग्रॅम झालं, आणि एवढं तर कोलीलाही सोसतं. संवेदनशील कुत्र्यांना किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे विष चढू लागतं, म्हणजे तुमच्याकडे २ मिलिग्रॅमला. घोड्याच्या पेस्टमध्ये १.८७ टक्के औषध असतं, ग्रॅमला १८.७ मिलिग्रॅम. एक भरलेली सिरिंज साडेपाचशे किलोच्या घोड्यासाठी बनवलेली असते. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे किती, हे मित्रालाही ठाऊक नाही आणि मोजता येणारही नाही. अर्धा ग्रॅम धरला तरी ९ मिलिग्रॅमच्या वर जातं.

खरजेला आता याहून सोपी औषधं आहेत. फ्लुरालानर किंवा अफॉक्सोलानरची चघळायची गोळी या जनुकाच्या कुत्र्यांनाही चालते. पूर्वी कधी आकडी आली असेल तर मात्र ते आधी सांगा. गालाच्या आतून बोळा फिरवून जनुकाची तपासणी करता येते. तुमच्या कुत्र्याची ती करून घ्या, कारण जुलाबांवरचं लोपेरामाइडही याच कुत्र्यांना बाधतं.

प्रश्न : मांजराला मधुमेह आहे, ४ युनिट इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ. जुन्या सिरिंज संपल्या. नव्यांची टोपणं नारिंगी आहेत, आधीची लाल होती. फरक पडतो का?

उत्तर : मोठा पडतो. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्शुलिनसाठी, नारिंगी १०० युनिटवाल्यासाठी. तुमच्या बाटलीवर ४० लिहिलं असेल आणि नारिंगी सिरिंजमध्ये ४ च्या रेघेपर्यंत भरलंत, तर मांजराला मिळतात जेमतेम १.६ युनिट. साखर चढत राहते आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडत नाही. उलट गोंधळ त्याहून घातक : १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, की ४ च्या जागी १० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचू नका.

मांजर झोकांडलं, गळून गेलं किंवा आकडी आली तर साखर उतरली असं धरून बोटाने हिरड्यांना मध चोळा आणि निघा. ते जेवलंच नसेल तर पूर्ण डोस देण्याआधी फोन करा.

प्रश्न : मांजराला डॉक्सिसायक्लिनची गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून गिळायला लावते, जमतंही छान. पण डॉक्टर म्हणतात, वर पाणी पाजायलाच हवं. मांजर त्याला फार चिडतं.

उत्तर : चिडलं तरी पाजा. मांजराने गिळलेली कोरडी गोळी पोटात न पोहोचता अन्ननलिकेत कितीतरी मिनिटं अडकून राहते. साधी गोळी असेल तर निभावतं, पण डॉक्सिसायक्लिन हायक्लेट (या औषधाचा गोळीतला एक प्रकार) तिथे विरघळू लागलं की आम्लासारखं भाजतं. जखम भरताना अन्ननलिका आवळते, आणि मग ती फुग्याने रुंद करावी लागते, एकदा नव्हे, अनेकदा.

सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ५-६ मिलिलिटर पाणी घ्या. सुळ्याच्या मागे, ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा. समोरून जोरात मारलंत तर ठसका लागेल. पाणी अजिबातच घेत नसेल तर गोळीच्या मागोमाग त्याला आवडणारं पातळ, ओलं खाणं चाटायला द्या, किंवा डॉक्टरांकडून हेच औषध पातळ स्वरूपात मागून घ्या. आणि औषध संपल्यावर काही दिवसांनी, आठवड्यांनी, मांजर घट्ट खाणं गिळल्या गिळल्या बाहेर टाकू लागलं, पातळ मात्र नीट घेत असलं, तर पोट बिघडलं म्हणून थांबू नका. डॉक्टरांना ही गोळी दिल्याचं सांगा, ते अन्ननलिका तपासतील.